वाळ्याची पिशवी

राजपुरा, बऱ्हाणपूर
१२ सप्टेंबर १९५६

ती. सौ. विमलताईस,
धाकट्या लीलाधरचे बसल्या जागेवरून शि. सा. न. वि. वि.

उठून नमस्कार करता येत नाही, म्हणून बसूनच. उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. चुलतभाऊ चुडामणने तुला निंबोल्याहून कळवलंच असेल, आणि बैल बुजला असंही लिहिलं असेल. बैल बिचारा मुळीच बुजला नव्हता. त्याच्या मळ्यातून केळीचे घड भरून गाडी निघाली, मी वर राजासारखा जाऊन बसलो, आणि ओढ्याच्या उतारावर घड आणि राजा एकदमच खाली आले. डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत हलायचं नाही. शाळेतले माझे भूगोलाचे तास दुसऱ्या मास्तरांनी वाटून घेतले आहेत. गणपतीची आरतीसुद्धा मी खाटेवर बसूनच म्हणतो आहे.

आता खरी बातमी. ती फक्त तुझ्यासाठी आहे, वाचून झाल्यावर पत्र चुलीत घाल.

माझी खाट खिडकीशी आहे आणि खिडकीसमोर सुकलालकाकांचा ओटा. ते अजून तसेच, लाकडी चौकटीवर कापड ताणून टोप्यांवर जर भरत बसतात. आठ दिवस मी नुसतं पाहिलं. नवव्या दिवशी मी त्यांच्याकडे सुई मागितली. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले की मास्टर, सुईसोबत कुस्ती खेळायची नाही, तिला तिच्या रस्त्याने जाऊ द्यायचं. मग धावदोरा, साखळी टाका, गाठीचा टाका असं एकेक शिकवलं. बोटांची चाळण झाली; पण ताई, दिवस कसा जातो ते कळत नाही.

आईच्या कपाटाला पावसाळ्यात कुबट वास येतो आणि डांबराच्या गोळ्यांनी तिला शिंका येतात, हे तुला माहीतच आहे. म्हणून टोप्यांच्या उरलेल्या साटिणीची हातभर नाही, तळहाताएवढी पिशवी शिवली. वर केळफूल भरलं, कडेने जर लावली, आत वाळा, नागरमोथा आणि कापूरकाचरी घातली. कपाट उघडलं की आई आता उगाचच दोन मिनिटं तिथे उभी राहते. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की शेजारच्या पोरीने करून दिली. मीच तसं सांगायला लावलं आहे. सातवीच्या पोरांना कळलं, तर माझी शाळा सुटली म्हणून समज.

दुसरी पिशवी तुझ्यासाठी सोबत पाठवतो. प्रभाकररावांना सा. नमस्कार. चि. कुमुदला गोड पापा.

पाय आखडला आहे, तुझा लोभ आखडू नये.

तुझा
लीलू


महाल, नागपूर
२७ सप्टेंबर १९५६

चि. लीलूस,
विमलताईचे पोटभर हसून झाल्यावरचे अनेक आशीर्वाद.

पत्र चुलीत घातलं नाही. असलं पत्र कोणी जाळतं का? ते साड्यांखाली आहे, तुझ्या पिशवीच्या शेजारी.

पिशवी हातात घेतल्यावर पहिल्यांदा मी ती उलटी केली. भरतकाम समोरून सगळ्यांचंच बरं दिसतं, खरं काय ते मागून कळतं. आतल्या बाजूला एक दोरा लोंबत नव्हता. शाळेत माझा रुमाल बाईंनी दोनदा उसवायला लावला होता, ते आठवून मला तुझा रागच आला. फक्त तुझं केळफूल मला आधी वांगं वाटलं, ते सांगून ठेवते. ह्यांचा कोट त्याच कपाटात असतो. सेक्रेटरिएटमध्ये सगळे ह्यांना हुंगून राहिले आहेत म्हणे. तेवढीच तिथे करमणूक. बाकी सगळ्यांच्या तोंडी एकच, की कोणाचं टेबल भोपाळला जाणार आणि कोणाचं इथे राहणार. एक नोव्हेंबरला नवी राज्यं झाली की नागपूर मुंबईत आणि तू भोपाळकडे. एका राज्यातले भाऊबहीण आहोत तोवर भांडून घे.

आता माझी बातमी. कुमुदला अंकगणित शिकवायला शारदा म्हणून एक मुलगी येते. मुलींच्या शाळेत शिक्षिका आहे, वय चोवीस. वडील नाहीत, आई आणि काका आहेत. हुशार, हसरी, आणि सरळ म्हणजे किती सरळ असावी! गेल्या वर्षी तिला पाहायला मंडळी आली, तेव्हा तिच्या आईने विकतचा भरलेला मेजपोस मुलीच्या हातचा म्हणून पुढे केला. शारदेने सगळ्यांदेखत सांगितलं की तो बाजारचा आहे, मला बटणसुद्धा धड लावता येत नाही. ते स्थळ गेलं. पुढचंही असंच गेलं. मी तेव्हाच तिला म्हटलं होतं की असंच खरं बोलत राहा, कोणी तरी कदर करणारा भेटेल. तेव्हा माझ्या मनात कोण होतं ते तुला सांगायला नको.

काल तिने कपाटातली पिशवी पाहिली आणि कोणी केली म्हणून विचारलं. तू शपथ घातलेली, मी काय सांगणार? आमच्या आईने केली असं बोलून गेले. पायाचंही काही बोलले नाही. दिवाळीनंतर चालायला लागलास की बोलता येईल.

प्रकृतीला जप आणि ताईची आठवण राहू दे.

तुझी
विमलताई


नागपूर
८ ऑक्टोबर १९५६

ती. मथुराबाई यांस,
शारदेचा सादर नमस्कार वि. वि.

ओळख नसताना पत्र लिहिते आहे, रागवू नये. मी विमलताईंच्या कुमुदला शिकवते, आपलं नाव-पत्ता तिच्याकडूनच घेतला. आपण शिवलेली वाळ्याची पिशवी मी पाहिली आणि मला तिचा हेवा वाटला. मला शिवण येत नाही. आजवर येत नाही हे सांगताना मला काही वाटत नसे, उलट थोडी ऐटच वाटे. पण त्या पिशवीवरची कळी पाहून पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला यावं. कोणाला दाखवायला म्हणून नाही, आपलं आपल्याला.

इथे विचारायला गेले तर माझ्या आईला आनंदाने रडूच येईल आणि ती घरभर सांगेल. म्हणून आपल्यालाच विचारते. अगदी पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं सांगावं. कापड किती घ्यायचं, दोरा किती पदरी, आत काय आणि किती. अंदाजाने घाला असं कृपा करून लिहू नये. मी अंकगणिताची बाई आहे, मला अंदाज कळत नाही.

आपल्याला सवड झाली तर दोन ओळी याव्यात, एवढीच इच्छा.

आपली
शारदा


बऱ्हाणपूर
१७ ऑक्टोबर १९५६

चि. शारदा हिस,
मथुराबाईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मुलाने वाचून दाखवलं. मला सहीपुरतंच लिहिता येतं, म्हणून हेही त्याच्याच अक्षरात आहे.

कापड सहा इंच रुंद, दहा इंच लांब घे. साटीण निसटते, पहिली पिशवी पॉपलिनची कर. भरतकाम आधी, शिवण नंतर. पिशवी शिवून मग भरायला गेलीस तर दोन्ही बाजू एकमेकींना शिवल्या जातील. मी तो पराक्रम करून पाहिला आहे. दोरा दोन पदरी, लांबी कोपरापासून बोटापर्यंत, म्हणजे तुझ्या हिशेबात सोळा इंच धर. टाका ओढायचा नाही. ओढला की कापड तोंड वाकडं करतं.

भरून झालं की कापड उलटं दुमडून बाजूंना उलटी टीप घाल. वरच्या बाजूला दोन बोटं जागा सोड. तिथून पिशवी सुलट कर आणि कोपरे बोथट काडीने बाहेर काढ. सुईने काढू नको, कापड फाटतं. आत मलमलीची दुसरी थैली ठेव आणि तोंड साध्या धावदोऱ्याने मिटव, म्हणजे वास उडाला की उसवून मसाला बदलता येईल. वाळा चार तोळे, नागरमोथा एक, कापूरकाचरी एक, लवंगा पाच. सगळं जाडसर कुटायचं. बारीक केलं तर भुकटी गळून साड्यांना लागते.

पहिल्या दिवसांत चुकतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. दुसऱ्याच दिवशी सुई नखाखाली गेली, तेव्हा मी अगदी रडकुंडीला आलो होतो. मग मनाशी म्हटलं की आपल्याला कोण पाहतंय? घाई कोणाची आहे? तेव्हापासून हात बसला. एकटं बसून काही करत राहण्यात फार सोबत असते, हे मला या वयात कळलं.

जमली की नाही ते कळव. मी वाट पाहते.

मथुराबाई


नागपूर
५ नोव्हेंबर १९५६

चि. लीलूस,
ताईचे आशीर्वाद, आणि एक कानपिचकी.

काल भाऊबीज झाली. चंद्राला ओवाळलं आणि तुझ्या नावाने एक उसासा टाकला. ह्यांचं नाव इथल्याच यादीत आलं, त्यामुळे बिऱ्हाड हलत नाही. एवढी एक गोष्ट चांगली झाली.

आता वाईट ऐक. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी शारदा आली. मी फराळाचं ताट पुढे केलं, ते तिने बाजूला सारलं आणि आईचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. एका शब्दाखाली लाल शाईची रेघ होती, वहीत चूक दाखवतात तशी. मला म्हणाली की विमलताई, तुमच्या आई रडकुंडीला 'आले' न म्हणता 'आलो' कशा म्हणतात?

अरे शहाण्या! सबंध पत्रभर बाई होऊन बसलास, आणि नेमकी सुई टोचली तेव्हा पुरुष झालास! आईला वाचून दाखवताना नीट वाचलं असशील, तिच्या ध्यानात येणार कसं? मी मग सगळं सांगून टाकलं. पिशवी तुझी, पाय तुझा, स्थळाचा विचार माझा.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली की पुरुषाने शिवलं याचं मला काहीच नाही, उलट कौतुक आहे. पण खरं बोलल्यापायी माझी दोन स्थळं गेली, तेव्हा तुम्हीच माझी पाठ थोपटलीत. आणि त्याच तुम्ही मला फसवलंत. एवढं बोलून गेली. तेव्हापासून कुमुदला शिकवायला येत नाही. कुमुद रोज दारात पाटी घेऊन बसते, आणि मला तिच्याकडे पाहवत नाही.

लीलू, चूक माझी जास्त. पण मी सांगितलेलं आता ती ऐकायची नाही. तू लिही. आणि या वेळी स्वतःच्या नावाने लिही.

तुझी
विमलताई


बऱ्हाणपूर
१४ नोव्हेंबर १९५६

कु. शारदाबाई यांस,
लीलाधरचे स. न. वि. वि.

हे पत्र माझं आहे, आणि यातली सगळी क्रियापदं माझीच आहेत.

विमलताईला दोष देऊ नये. गुप्त ठेव असं मीच तिला सांगितलं होतं. शाळेतली मुलं हसतील याची भीती होती. बत्तीस पोरांच्या हसण्याला भिऊन मी आईला येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी खोटं बोलायला लावलं, ताईला तुमच्यापाशी, आणि शेवटी मी स्वतःच लिहायला बसलो. तुमचं पत्र आईला आलं तेव्हा ती म्हणाली होती की बापा, पोरीला खरं लिहून टाक. मी म्हटलं, पुढच्या पत्रात लिहू. खरं सांगायचं तर मला पुढचं पत्र यायला हवं होतं.

मापं आणि प्रमाण सगळं खरं होतं. एकटं बसण्याबद्दल जे लिहिलं, तेही खरं होतं. ते आईच्या नावाने लिहिता आलं. स्वतःच्या नावाने कदाचित धीर झाला नसता.

राहिली एक गोष्ट, ती तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये. गेल्या पंधरवड्यात प्लास्टर काढलं. हाड जुळलं, पण उजवा पाय बोटभर आखूड झाला. मी लंगडतो आणि लंगडत राहीन. रस्त्याने चाललो की दुरून ओळखू येतो. सोमवारी शाळेत गेलो. फळ्यापर्यंत जाताना सगळ्यांचे डोळे माझ्या पायावर होते. मग मी मुलांना पाय कसा मोडला ते सांगितलं, आणि दोन महिने मी काय केलं तेही सांगितलं. खिशातून पिशवी काढून दाखवली. हसली. थोडी हसली. मग मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं की गुरुजी, आमच्या आईला अशी करून द्याल का? मी इतके दिवस काय भीत होतो, तेच आता कळेनासं झालं आहे.

उत्तराची अपेक्षा करण्याचा मला हक्क नाही. कुमुदला मात्र शिकवायला जावं. तिने तुमचं काही केलेलं नाही.

आपला
लीलाधर


नागपूर
९ डिसेंबर १९५६

श्री. लीलाधर यांस,
शारदेचे स. न. वि. वि.

तीन आठवडे मी रागात होते. एवढा राग मला टिकवता येतो हे माहीत नव्हतं. कुमुदकडे मात्र तुमचं पत्र आलं त्याच दिवशी गेले. विमलताई दार उघडून रडायलाच लागल्या, मग मलाही रडू आलं, आणि कुमुदने दोघींना भागाकार घालायला सांगितले.

रागाच्या भरात मी एक काम केलं. तुमचं प्रमाण चुकीचं आहे हे सिद्ध करायला तंतोतंत त्याप्रमाणे पिशवी शिवली. कापड सहा बाय दहा, दोरा सोळा इंच. कोपरे कुत्र्याच्या कानांसारखे झाले, आणि मोगऱ्याचं फूल काढायला गेले ते चेंडू झालं. पण आत घातलेलं बरोबर होतं. माझी पेटी उघडली की आता तीच आधी बोलते. आईने ती पाहिली, आणि मी घाबरले होते तसं झालं नाही. तिने ती नुसती हातात धरून ठेवली.

पत्र मी आईला वाचून दाखवलं. पायाचं ऐकून तिने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. काका नाही म्हणतात. मी दोघांना सांगितलं की आजपर्यंत माणसं मला पाहायला आली, या वेळी मी जाऊन पाहणार. काकांना हे ऐकून ठसका लागला.

माझ्याही दोन गोष्टी आधीच ऐकाव्यात. मी शिकवणं सोडणार नाही. तुमच्याकडे आता हिंदीतून शिकवावं लागेल म्हणतात, तर राष्ट्रभाषेची परीक्षा मी दिलेली आहे आणि आकडे सगळीकडे सारखेच असतात. दुसरं, मला अजून तुमच्यावर पुरता विश्वास बसलेला नाही. तो बसतो का, हे पाहायलाच येते आहे. संक्रांतीला आम्ही तिघं पोचतो.

बाकी समक्ष.

शारदा


राजपुरा, बऱ्हाणपूर
१८ जानेवारी १९५७

ती. सौ. विमलताईस,
लीलाधरचे शि. सा. न. वि. वि.

तार केली तिच्यात मजकूर मावत नव्हता, म्हणून आता सावकाश लिहितो.

मंडळी सोमवारी आली. आईने सकाळपासून चार वेळा लुगडं बदललं. तिळगूळ झाला, चहा झाला. शारदा माझ्यासमोर बसली होती आणि अगदी सरळ पाहत होती. मान खाली घालायची पाळी माझी होती. तिच्या काकांनी कोनाड्यातली पिशवी उचलली आणि ही कारागिरी कोणाची म्हणून विचारलं. सवयीने आई शेजारची पोर म्हणायला लागली. मी मध्येच सांगितलं की माझी आहे.

काका इतके हसले की बशीतला चहा सांडला. मग म्हणाले की जावईबापू रांगोळीही काढतात का? आईचा चेहरा उतरला. तेवढ्यात सुकलालकाका दारातून आत आले. काकांच्या डोक्यावर नागपुरातून घेतलेली जरीची टोपी होती. सुकलालकाकांनी ती अदबीने मागून घेतली, उलटी केली, अस्तरावरून बोट फिरवलं आणि म्हणाले की साहेब, हा टाका आमच्या मोहल्ल्याचा. माझ्या बापाने हाच टाका घातला, माझ्या भावांनीही घातला, सगळ्यांना मिशा आहेत. तुम्ही लग्नाकार्यात मिरवता ते मर्दांचंच भरतकाम आहे. टोपी त्यांनी पुन्हा काकांच्या डोक्यावर नीट ठेवून दिली. काकांनी दुसरा चहा मागितला. शारदेची आई पदर तोंडाला लावून हसत होती.

दुपारी शारदेने तापी पाहायची म्हटलं. सगळेच राजघाटाकडे निघालो. वडीलमंडळी मागे राहिली, आई वाटेत भेटेल त्याला तिळगूळ देत बसली. मी आणि शारदा पुढे. ताई, मला वाटलं होतं की ती माझ्यासाठी हळू चालेल, आणि त्याचीच मला धास्ती होती. पण ती तिच्या चालीने भराभरा गेली. मी मागे पडलो. घाटाच्या वरच्या पायरीशी पोचलो तेव्हा ती खाली पाण्याजवळ जाऊन बसली होती. मागे वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं. मी एकेक पायरी धरत उतरलो. किती पायऱ्या होत्या ते शपथेवर सांगू शकतो.

शेजारी जाऊन बसलो तेव्हा ती म्हणाली की रागावू नका, मी मुद्दामच पुढे आले. घरात आई होती, काका होते, गाडीत दोघंही होते. विचार करायला मला कोणी एकटीला सोडतच नव्हतं. तुम्ही पायऱ्या उतरेपर्यंतचा वेळ मिळाला, तेवढा पुरला.

मी विचारलं की मग काय ठरलं. तर म्हणाली की तुम्ही घाई केली असतीत, तर कदाचित काही ठरलं नसतं.

मग तिने पाण्यात पाय सोडले. मीही सोडले. मागून काकांनी हाक मारली, तरी आम्ही उठलो नाही.

वैशाखातला मुहूर्त निघतो आहे. तू आठ दिवस आधी ये, आई दुसऱ्या कोणाला काही करू देणार नाही आणि मला काही सुचणार नाही.

तुझा लोभ होता म्हणून इथवर आलो, पुढेही तो असाच राहू दे.

तुझा
लीलू